दोन फेऱ्या

आठ वर्षांपूर्वी इस्पितळाच्या धुलाईखान्यात ओल्या फरशीवर पाय घसरला आणि आक्काची कंबर कायमची दुखावली. तीन महिने ती अंथरुणाला खिळून होती. डॉक्टर म्हणाले, "आता ओझं उचलणं विसरा." आक्का कसली विसरते! व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या खनपटीला बसून ती नव्याने वाकायला शिकली. पाठ सरळ, ढुंगण मागे, ओझं अंगालगत, उचलताना श्वास बाहेर. घरी पाण्याचा कॅन उचलून सराव केला. दात घासतानाही ती तशीच वाकायची. धाकटी बहीण चिडवायची, "बेसिनपुढे कसली कवायत चाललीय?"

मग ती पुन्हा कामावर रुजू झाली. यंदा नवे साहेब आले. जुन्या फायली चाळून त्यांनी आक्कापुढे कागद सरकवला. "सही करा. उद्यापासून फाटकावर बसून नोंदी करायच्या. तुमच्या भल्याचंच सांगतोय."

"माझं भलं मला कळतं, साहेब. बसून राहिले की कंबर जास्त धरते."

"मग ती टोपली उचलून दाखवा."

टोपली ओल्या चादरींनी गच्च भरलेली. हातातली कामं टाकून बायका बघू लागल्या. आक्काने टोपली जराशी हलवून अंदाज घेतला आणि सरळ निम्म्या चादरी बाहेर काढल्या. उरलेल्या सावकाश उचलून सुकवायच्या यंत्रात टाकल्या. परत येऊन बाकीच्या नेल्या.

"अख्खी उचला म्हटलं होतं मी."

"अख्खी कुणीच उचलू नये. या टोपलीपायी इथल्या चौघींच्या कमरा गेल्यात. आठ वर्षं मी दोन फेऱ्या मारते. माझ्यामुळे एक तरी वॉर्ड चादरींवाचून अडला का, विचारा."

"नाही अडला!" इस्त्रीवाली मागून ओरडली.

साहेब जरा नरमले. "आणि दुखलं तर?"

"दुखलं तर मी सांगेन. तोवर तुम्ही सांगू नका." सही न करताच तिने कागद परत सरकवला. साहेबांनी तो फायलीत ठेवला.

संध्याकाळी घरी आल्यावर कंबर ठणकू लागली. रागाच्या भरात दुसरी फेरी तिने घाईत केली होती. ती जमिनीवर पडून राहिली, पाय खुर्चीवर टाकून.

"बघ, सांगत नव्हते?" बहीण म्हणाली.

"दुखतंय. म्हणून काय जन्मभर फाटकावर बसू?"

बहिणीने हात पुढे केला. आक्काने तो धरला नाही. कुशीवर वळली, गुडघा टेकला, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "उद्याचा डबा कोण भरतंय, तू की मी?"