वेस्ली पायरीशी थांबला

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि बेलफास्टमधली एक गल्ली समोर आणा. दोन्ही बाजूंना लाल विटांची घरं. गल्ली सरळ चालली आहे आणि मधेच एक भिंत तिला आडवी येते, तीन मजल्यांएवढी उंच. भिंतीत लोखंडी फाटक. अलीकडे कॅथलिकांची वस्ती, पलीकडे प्रोटेस्टंटांची. दिसलं? आता त्या फाटकाशी दोन म्हातारे उभे करा. अलीकडचा मॅलकी, म्हणजे आपल्या गोष्टीतल्या ब्रोनाचा आजोबा. पलीकडचा वेस्ली.

दर उन्हाळ्यात परदेशातून विद्यार्थी येत, महिनाभर राहून आयर्लंडचा इतिहास आणि तिथली भांडणं शिकत. मॅलकी त्यांना आपल्या गल्ल्यांतून फिरवी, कोण कुठे मारलं गेलं ते सांगे आणि फाटकाशी आणून वेस्लीच्या हवाली करी.

“ने रे यांना. आत्तापर्यंत खरं ऐकलंय, आता तुझ्या थापा ऐकू देत.”

“तुझ्या थापा धुऊन काढण्यातच माझा निम्मा वेळ जातो, म्हाताऱ्या!”

मग वेस्ली पलीकडच्या गल्ल्या दाखवी. त्याच्या भावाला गोळी लागली ती जागाही दाखवी. आणि संध्याकाळी हाच वेस्ली मॅलकीच्या स्वयंपाकघरात चहा ढोसत बसलेला असे आणि दहा वर्षांच्या ब्रोनाची वेणी ओढून तिला चिडवत असे.

यंदा अभ्यासक्रम अर्ध्यावर आला आणि मॅलकी गेला.

घरापासून चर्चपर्यंत माणसं आळीपाळीने शवपेटीला खांदा देत चालली होती. विद्यार्थी मागून येत होते. शेवटच्या वळणावर वेस्लीने पुढे होऊन खांदा दिला. ब्रोना त्याच्या बाजूने चालू लागली. तिच्या मनात एकच गोष्ट होती. वेस्लीकाका आत आपल्याशेजारी बसतील, मग रडू आलं तरी चालेल.

चर्चच्या पायरीशी वेस्लीने खांदा काढून घेतला. दुसरं कुणीतरी त्याच्या जागी आलं. शवपेटी आत गेली. वेस्ली खालीच राहिला.

“चला ना, काका.”

“नाही गं बाळा. मी इथंच बरा.”

ओहायोहून शिकायला आलेली टॅबिथा जवळच उभी होती. तिने हळूच विचारलं, “पण दोन्ही बाजूंचा शांतता करार होऊन तर पंचवीस वर्षं झाली ना?”

“झाला की. मीही मत दिलं होतं त्याला,” वेस्ली म्हणाला.

तेवढ्यात ब्रोनाची आई, फिडेल्मा, दारात आली. “माझ्या हातचा एवढा चहा प्यायलात. बाबांसाठी एक पायरी चढवत नाही तुम्हाला?”

“भावाला पुरलं ना, फिडेल्मा, तेव्हा थडग्याशी वडिलांनी माझं मनगट धरलं. ‘कॅथलिकांच्या चर्चात कधी पाय ठेवणार नाही, असं म्हण.’ म्हटलं मी. मिसरूडसुद्धा नीट फुटलं नव्हतं मला. मॅलकीला ठाऊक होतं सगळं. तो म्हणायचा, माझ्या वेळी बाहेर उभा राहा, मी नाही रागावणार.”

“पण मला राग येतोय ना!” ब्रोना ओरडली. “आजोबा कसे रागावतील? ते मेलेत! मी आहे ना अजून!”

वेस्लीने एक पाय उचलून पायरीवर ठेवला. सगळे बघत राहिले. मग वेस्लीने पाय मागे घेतला आणि टोपीत तोंड लपवून तो हुंदके देऊ लागला.

फिडेल्मा वळली. “ब्रोना, आत ये.”

आत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रार्थना, सुरू झाली. एक माणूस दार लावून घ्यायला आला.

ब्रोनाला आत आजोबा हवे होते आणि बाहेरचा माणूसही हवा होता. तिला त्याचा भयंकर राग आला होता, तरीही. ती बरोबर उंबऱ्यावर बसली, चौकटीला पाठ लावून, दारात आडवे पाय पसरून.

“पोरी, सरक. दार लावायचंय.”

“नाही सरकणार,” ब्रोना म्हणाली. तिने दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली. वेस्लीकडे मात्र तिने एकदाही वळून पाहिलं नाही.