पुसलेल्या चांदण्यांची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळू आवाजात, अधूनमधून उसासे टाकत सांगायची असते म्हणे. मला ते जमणार नाही. मला भांडायचं आहे. पण भांडण नीट कळायचं तर ते मुळापासून सांगायला हवं, म्हणून तेवढा धीर धरते.

तुमच्यापैकी अनेकांनी फिल्म हातात घेतलेली नसेल. दोन बोटं रुंदीची, लांबच लांब पारदर्शक पट्टी, दोन्ही कडांना भोकं आणि मध्ये एकाखाली एक हजारो बारीक चित्रं. सेकंदाला चोवीस चित्रं दिव्यासमोरून सरकली की पडद्यावरची माणसं चालू लागतात. अशी मी सहा रिळांवर गुंडाळलेली, सहा पत्र्याच्या डब्यांत राहते.

माझ्यावरची गोष्ट अवकाशातली आहे. एक यान घरापासून लांब भरकटतं. त्याची दिशा दाखवणारी सगळी यंत्रं बंद पडतात, नकाशे जळून जातात. तेव्हा यान चालवणारी बाई खिडकीशी जाते, बाहेर बोट दाखवते आणि घाबरलेल्या सोबत्यांना म्हणते, "त्या तीन चांदण्या दिसतात ना? त्यांच्या डावीकडे आपलं घर आहे." बस्स. यान वळतं आणि ती माणसं घरी पोहोचतात. सगळ्या सिनेमाचा जीव त्या एका वाक्यात आहे, हे कृपा करून लक्षात ठेवा.

माझा जन्म एका पत्र्याच्या छपराच्या गोदामात झाला. आमचं यान पिठाच्या चाळण्या, पेनांची टोपणं आणि केस वाळवायच्या यंत्राचं तोंड जोडून केलं होतं. ते होतं हातभर लांब, पण पडद्यावर त्याची ऐट बघायची! आभाळाचं काम मात्र अडलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, काळ्या कापडावर पांढऱ्या रंगाचे ठिपके द्या आणि मोकळे व्हा. कपडेपटात शिवणकाम करणारी एक तरुण बाई तिथे उभी होती. तिच्या कॉलरला कायम सुई टोचलेली असायची, म्हणून सगळे तिला सुईताई म्हणत.

"रंगाच्या ठिपक्याला कधी उजेड असतो का हो?" ती म्हणाली. "कापड द्या माझ्याकडे."

तिने चाळीस फूट काळं कापड घेतलं आणि सुईने त्याला भोकं पाडायला बसली. लांबच्या चांदण्यांना बारीक सुई, जवळच्यांना गोधडीची जाड सुई. कापडामागे दिवे लावले की भोकांतून उजेड यायचा आणि दिवे तापून कापड हललं की चांदण्या लुकलुकायच्या. सात आठवडे ती तेच करत होती. अंगठ्याला चिंधी बांधून जेवायची, चिंधी बांधून पुन्हा कामाला बसायची. यान प्रवासात दाखवायचं तेव्हा यान जागेवरच असायचं. दोन माणसं ते चाळीस फुटांचं आभाळ हळूहळू ओढत न्यायची आणि यानामागून चांदण्या सरकायच्या. हेही लक्षात ठेवा, कारण माझ्या भांडणाचं मूळ इथेच आहे.

मग मी चित्रपटगृहांत फिरले. किती वर्षं, ते विचारू नका. पुढच्या रांगांमधली पोरं खुर्चीत उभी राहायची, मागच्यांच्या शिव्या खायची. "त्यांच्या डावीकडे आपलं घर आहे" म्हटलं की टाळ्या पडायच्या. कितीदा तुटले, कितीदा जोडले गेले. अंगावर ओरखडे आले, धूळ बसली, पण कामाचे ओरखडे होते ते, मला त्यांची लाज वाटली नाही. पुढे घरोघरी व्हिडिओ कॅसेट आल्या. आमचा सिनेमाही कॅसेटवर गेला, लोक तो घरात लोळत बघू लागले, आणि माझी रवानगी गोदामात झाली. तिथे ओल होती. माझी आई, म्हणजे जिच्यावरून आम्हा सगळ्या प्रती निघाल्या ती मूळ निगेटिव्ह, त्या ओलीने कुजून गेली. बाकीच्या प्रती भंगारात गेल्या. जगात धड अशी मी एकटी उरले.

मग एक दिवस माझे डबे उघडले. आवडते जुने अवकाशपट आता हाय डेफिनिशनमध्ये, नव्या डिस्कवर काढायचे, असं एका कंपनीने ठरवलं होतं. मोठ्या टीव्हीवर लोकांना केसन् केस दिसायला हवा होता. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले.

माझं काम ज्याच्याकडे आलं तो पंचेचाळिशीचा, जाड चष्म्याचा कारागीर होता. "चकाचक करून टाकू" हे त्याचं पालुपद, म्हणून कचेरीत त्याचं नावच चकाचक पडलं होतं. लहानपणी त्याने वडिलांच्या मांडीवर बसून हा सिनेमा कॅसेटवर इतक्यांदा पाहिला होता, की चांदण्यांच्या प्रसंगाशी ती टेप चुरगळली होती. आपल्याला हे काम मिळालं म्हणून त्या रात्री आपल्याला जेवण गेलं नाही, असं तो मला सांगत होता. हो, मलाच. पांढरे हातमोजे घालून तो माझ्याशी बोलायचा. त्याने मला धुतलं, फाटलेली भोकं सांधली, एकेक चित्र यंत्रासमोर धरून त्याचा लख्ख फोटो काढला. संगणकाच्या पडद्यावर मी स्वतःला पाहिलं आणि ओळखलंच नाही. त्या चालक बाईच्या कपाळावरचा घाम! चाळण्यांची जाळी! इथवर त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी नाकारणार नाही.

त्यानंतर सफाई सुरू झाली.

धूळ पुसण्यासाठी संगणकात एक प्रोग्रॅम असतो. त्याची अक्कल अशी: एखादा पांढरा ठिपका एका चित्रात दिसला आणि पुढच्या चित्रात त्याच जागी दिसला नाही, तर तो कचरा. पुसून टाका. मोठे साहेब दारात उभे राहून म्हणाले, "ठिपका दिसला की गिऱ्हाईक डिस्क परत करतं. एकही राहता कामा नये." चकाचकने प्रोग्रॅमचा जोर शेवटपर्यंत वाढवला.

आता विचार करा. यान उभं असतं तेव्हा चांदण्या जागच्या जागी असतात, त्यांना धक्का लागला नाही. पण यान निघालं की सुईताईचं आभाळ सरकतं आणि प्रत्येक चांदणी प्रत्येक चित्रात जराशी पुढे असते. प्रोग्रॅमला वाटलं, हा कचराच. त्याने ती सगळी आभाळं पुसून काढली. सात आठवड्यांचं काम, दुपारच्या जेवणाच्या आत!

तुम्ही म्हणाल, त्या चकाचकला दिसलं नाही का? तिथेच तर माझा तिळपापड होतो. प्रत्येक प्रसंगाचं फक्त पहिलं चित्र तपासायची त्याची सवय होती आणि पहिल्या चित्रात यान बहुधा उभंच असायचं. शेवटी त्याने सगळा सिनेमा एकदा पाहिलाही. पण त्याला तो इतका पाठ होता, की जे नव्हतं तेही त्याला दिसत गेलं. आणि ऐन त्या प्रसंगाला, बाईने बोट उचललं तेव्हा, त्याला वडील आठवले, डोळे भरून आले आणि त्याने पुसायला चष्मा काढला. चष्मा घातला तोवर यान वळलेलं होतं! एवढं प्रेम करणारा माणूस, आणि त्याच्याच हातून हे व्हावं.

डिस्क बाजारात गेली. वेष्टनावर छापलं होतं, "असं आकाश तुम्ही कधी पाहिलंच नसेल." ते मात्र खरं होतं. वर्तमानपत्रांत परीक्षणं आली. काळा रंग किती गडद आहे, याचं एकाने कौतुक केलं. माझ्या अंगाची आग झाली, पण पत्र्याच्या डब्याला ओरडता येतं का? वर साहेबांचा हुकूम निघाला, नवी प्रत झाली, आता जुने डबे शुक्रवारी भंगारात द्या, जागा अडते.

बुधवारी सकाळी कचेरीत एक म्हातारी आली. हातात काठी, सोबत नात. नातीने आजीला भेट म्हणून ती डिस्क आणली होती. म्हातारीच्या कॉलरला सुई नव्हती, तरी मी तिला चालीवरून ओळखलं.

"आजी, सिनेमा आवडला का?" चकाचकने खुर्ची पुढे करत विचारलं. सुईताई समोर बसली आहे हे कळल्यापासून तो नुसता फुलला होता.

"छान आहे रे. चेहरे किती छान दिसतात," ती म्हणाली. "फक्त एक सांग. ती बाई बोट कुठे दाखवते?"

"चांदण्यांकडे."

"कुठल्या?"

त्याने हसत हसत डिस्क लावली. यान निघालं. बाई खिडकीशी गेली, तिने बोट उचललं. "त्या तीन चांदण्या दिसतात ना?" बाहेर काळंकुट्ट, धुतलेल्या पाटीसारखं. चकाचकने ते मागे नेऊन पुन्हा लावलं. मग एकेक चित्र थांबवून बघितलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"मी त्यांना धूळ समजलो," तो कसाबसा म्हणाला.

"अरे, बोटं सोलली माझी त्या धुळीने," सुईताई म्हणाली. ती रागावली नव्हती आणि त्याचाच मला राग आला.

तो उठला, माझा पाचवा डबा त्याने उघडला आणि दिव्याच्या काचेवर माझी पट्टी पसरून तिच्या हातात भिंग दिलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. "ही लांबुडकी बघ," ती नातीला म्हणाली. "इथे माझा हात घसरला होता. मी म्हटलं पुन्हा करते, तर दिग्दर्शक म्हणाले, राहू दे, हीच सगळ्यांत खरी वाटते."

साहेबांना बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि हात झटकले. "आजी, हजारो डिस्क विकल्या. एकाचीही तक्रार नाही. आता पुन्हा सगळं करत बसायचं म्हणजे काय? आणि डबे तर परवा जाणार."

"साहेब, कॅसेटी खराब झाल्या, सफाईआधीचे फोटो आपण ठेवले नाहीत. ही एकच धड प्रत आहे जगात," चकाचक म्हणाला. "ही गेली तर चांदण्या कायमच्या गेल्या."

"तक्रार नाही," साहेब पुन्हा म्हणाले.

"मग माझी लिहून घ्या," सुईताई म्हणाली.

साहेबांना वाटलं, म्हातारीचं मन राखू. पण चकाचकला कंपनीचा नियम ठाऊक होता: तक्रार निकालात निघेपर्यंत मूळ प्रत नष्ट करता येत नाही. त्याने पळत जाऊन अर्ज आणला. तिने लिहिलं, "चांदण्या गेल्या आहेत. त्या परत लावाव्यात." 'चूक कोणाची' अशी एक ओळ अर्जावर होती. ती चकाचकने स्वतः भरली, स्वतःचं नाव घातलं आणि खाली सही केली. साहेबांनी त्याला त्याच आठवड्यात डिस्कच्या कामावरून काढून पार्सल बांधायला बसवलं.

तर मित्रांनो, त्या एका कागदावर मी जिवंत आहे. माझे डबे साहेबांच्या खोलीतल्या कपाटावर ठेवले आहेत. दर महिन्याला साहेब सुईताईला फोन लावतात, गोड बोलतात, तक्रार मागे घेता का विचारतात, आणि दर महिन्याला ती नाही म्हणते.

काल पुन्हा फोन लागला. स्पीकर चालू होता, त्यामुळे मी सगळं ऐकलं. फोन नातीने उचलला. आजीची नजर गेली आहे, ती म्हणाली, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

साहेबांचा आवाज एकदम उत्साही झाला. ऐकून माझा संताप संताप झाला. "अरेरे! मग आजींना द्या फोन. आजी, आता तुम्हाला चांदण्या असल्या काय आणि नसल्या काय, काही दिसणार नाही. मग तक्रार कशाची राहिली? बंद करू या ना?"



"माझं वय झालं, म्हणून मला दिसत नाहीत," सुईताई म्हणाली. "ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांना का दिसत नाहीत, ते सांगा. मग बंद करा."

साहेबांनी फोन ठेवला. पण ते काही थांबणारे नाहीत. तक्रार करणारं माणूस गेलं की तक्रारही संपते, म्हणून तिच्या वयाचा हिशोब त्यांनी मनात केला असणार, एवढं मला कळतं.

म्हणून तुम्हाला सांगते. मला जपा, माझ्यावरची धूळ झटका, असलं काही मी मागत नाही. मला तुमचे डोळे हवे आहेत. तुमच्या घरी ती डिस्क असेल तर लावा. यान निघालं की खिडकीबाहेर बघा. बाई बोट दाखवते तिथे काही नसेल, तर गप्प बसू नका, दोन ओळी लिहून कंपनीला पाठवा. अक्षर वाईट असलं तरी चालेल. खाली तुमचं नाव लिहा, आणि वयही लिहा. ते जितकं कमी असेल तितकं मला बरं.