डावं बटण

"चाळीस-पंधरा," मंजुषा म्हणाली. "सर्व्हिस तुमची, नाना."

"चाळीस कसे? पंधरा, तीस, मग पंचेचाळीस. हिशेब करणारा झोपला व्हता का काय?"

नाना हे रोज विचारत आणि त्यांची लेक मंजुषा रोज हसे. आज तिला हसू आलं नाही. ती व्हिडिओ गेम धरलेल्या त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती.

उद्या सोमवार. सकाळी साडेआठला नानांनी अंबडच्या कारखान्यात आपल्या पत्रा कापायच्या प्रेससमोर उभं राहून पन्नास पीस काढून दाखवायचे होते. जमलं तर मशीन परत मिळणार, नाही तर गेटवरची वॉचमनची खुर्ची. शेठ वाईट माणूस नव्हता. नानांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून चार महिने त्यानं त्यांची मशीनवरची जागा भरली नव्हती. पण प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच डाय खाली येते, म्हणजे एकही हात तिच्याखाली राहत नाही. नानांचा डावा हात आता अर्धा सेकंद उशिरा पोचायचा आणि तेवढ्या उशिरानंही मशीन हलायचं नाही.

रबरी बॉल दाबून पेशंट कंटाळतात, हातात धरायचा एखादा गेम द्या, असं फिजिओथेरपीच्या उजमा मॅडमनी सुचवलं होतं. मंजुषानं एक जुना कन्सोल आणला, टेनिसचा. पडद्यावरचा खेळाडू आपोआप धावायचा, आपण फक्त फटका मारायचा. साधा फटका उजव्या बटणानं, जोरकस हवा तर दोन्ही बटणं एकदम. नानांनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक चेंडूला दोन्ही बटणं दाबली. एका हातानंही काही होऊ शकतं यावर अठ्ठावीस वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाचा विश्वास बसत नव्हता. दाबून झालं की ते दोन्ही बोटं वर उचलून धरत, चेंडू पलीकडे जाईपर्यंत. दाबताना डावं बोट मागे राही, फटका फसे आणि चेंडू जाळीत जाई. तेव्हापासून ते हरतच होते.

गुरुवारपासून मात्र ते जिंकायला लागले. मंजुषानं आनंदानं उजमा मॅडमना फोनही केला. आज जवळ बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की फटक्यानंतर फक्त उजवं बोट वर उठतंय.

"द्या, जरा चार्जिंगला लावते."

"राहू दे. मॅच संपू दे."

तेवढ्यात बेल वाजली. समाधान आला होता, नानांच्या कारखान्यातला फिटर. खुर्चीच्या कडेवर बसून त्यानं घाईघाईनं चहा संपवला.

"फकिरानाना, उद्या निवांत या. मी सातलाच जातो. समदं फिट करून ठेवतो."

"बिस्कीट घे ना," नाना म्हणाले.

"नको, ताईंनी चहातच लय साखर टाकली." तो हसला, पण मंजुषाकडे न बघता.

नाना त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले. मंजुषानं कन्सोल उचलला. डाव्या बटणाच्या फटीत औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा होता, चार घड्या घालून कोंबलेला, वरून काळी टेप. बटण कायमचं दाबलेलं. काम मोठं सफाईचं होतं. एका हातानं एवढं करायला त्यांना किती वेळ लागला असेल, हे तिच्या मनात आधी आलं. समाधान काय फिट करणार आहे, ते नंतर.

ती नऊ वर्षांची असताना इमरान नावाच्या ऑपरेटरनं काम लवकर उरकायला प्रेसच्या एका बटणात लाकडाची पाचर ठोकली होती. त्याची दोन बोटं नानांनी रुमालात घालून दवाखान्यात नेली. त्या दिवशी ते घरी येऊन न जेवता मोरीत हात धूत बसले होते. तेव्हापासून शिफ्ट सुरू होण्याआधी ते सहाही प्रेसची बटणं दाबून बघत. पाचर सापडली तर ती निघेपर्यंत तिथून हलत नसत. पोरं त्यांना मागून 'इन्स्पेक्टर' म्हणत.

नाना परत आले. तिच्या हातातला कन्सोल बघून दारातच थांबले.

"उद्या समाधान काय फिट करणार आहे, नाना?"

ते हळूच कॉटवर बसले. "पन्नासच तर पीस हायेत. एकदा मशीन हातात आलं की डावा हात येईल हळूहळू."

"आणि तोवर तो कुठे असेल?"

नानांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. "खिशात ठेवीन," ते म्हणाले.

खाली भाजीवाल्याचा भोंगा वाजत गेला.

"इमरान बी असंच बोल्ला व्हता," नाना म्हणाले. "म्हणे, मी सांभाळीन."

मंजुषानं कन्सोल त्यांच्या पुढ्यात ठेवला. काढा म्हणाली नाही, ठेवा म्हणाली नाही. नाना टेपचं टोक नखानं शोधत राहिले. ते सापडेना. तिचे हात पुढे जायला बघत होते, ते तिनं पदरात गुंडाळून धरले. टेप निघाली. मग घडी घडी करत पुठ्ठा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मग त्यांनी फोन मागितला.

"समाधान, उद्या काय करू नको... नाय, येणार हाय ना मी. गेटवर... शेठला मी सांगतो, तू नको मधी पडू... ऐक तर. उद्यापास्नं सहाही मशीनची बटणं तू दाबून बघायची, रोज. गेटवरनं विचारीन मी तुला."

फोन ठेवून त्यांनी अर्धवट राहिलेली मॅच पुरी केली. चाळीस-तीस झाले, मग बरोबरी, मग गेम गेला, सेट गेला. मंजुषा शेवटपर्यंत गुण सांगत राहिली.

सोमवारी तिनं स्कूटरवरून त्यांना कारखान्यापाशी सोडलं. वळून निघणार तोच एक टेम्पो येऊन फाटकाशी थांबला. नानांनी उजवा हात फाटकाला लावला. फाटक जड होतं, एका हातानं हललं नाही. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, लगेच पुन्हा वाजवला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते डाव्या हाताची वाट बघत उभे होते. तो आला, गजावर नीट बसला, आणि मग त्यांनी फाटक ढकललं.