रुमालाखालचे चार

रविवारी सकाळी पावणेदहाला नूतन जळगाव स्टेशनवर उतरली तेव्हा तिच्या पिशवीत एक शंभर पानी वही होती. त्यातली चारच पानं भरलेली होती. एका कार्यक्रमाला एक पान, असे ‘फुफाटा’ या बँडच्या दौऱ्यातले चार कार्यक्रम : एरंडोल, धुळे, जळगाव आणि बोदवड. प्रत्येक पानावर सुरू झाल्याची वेळ, गाण्यांचा क्रम, प्रेक्षकांची संख्या आणि काय बिघडलं, एवढं लिहिलेलं होतं. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई निरीक्षणं नोंदवताना हयगय करत नाही. बोदवडच्या पानावर प्रेक्षक ‘६१’ असं होतं आणि त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, ‘पैकी ९ आमचे नातेवाईक’.

ते एकसष्ट तिला दोन महिने सलत होते. बोदवडचा कार्यक्रम तिनेच ठरवला होता. शाळेचा हॉल तिने मिळवला, पोस्टर तिने चिकटवली, तारीखही तिनेच काढली, शाळेच्या वेळापत्रकात मोकळा दिसलेला एक शनिवार. त्या दिवशी दाट लग्नतिथी आहे हे बघायचं मात्र राहून गेलं. निम्मं गाव जेवणावळीत होतं आणि उरलेलं निम्मं वरातीत.

आता प्रश्न त्यापुढचा होता. ‘फुफाटा’तले चौघंही नोकरीवाले. गाणारा स्वप्नील पतसंस्थेत, ड्रमवाला प्रेमराज कापसाच्या जिनिंगमध्ये. पुढच्या हिवाळ्यात चौघांच्या सुट्ट्या मिळून तीनच शनिवार जुळत होते. म्हणजे चारातलं एक गाव गळणार. कुठलं, यावर बँडमध्येच भांडण झालं, तेव्हा स्वप्नीलने चार जणांना निरोप पाठवला : ‘चारही कार्यक्रम ऐकलेले तुम्ही चौघंच. रविवारी दुपारी एकपर्यंत सांगा. तुम्ही म्हणाल ते गाव गाळू.’

चौघं म्हणजे बोदवडची नूतन, धुळ्याचा तेजस, एरंडोलची भूमिका आणि जळगावचा अखिल. चार गावांची चार माणसं, आणि प्रत्येकाला आपलंच गाव राहायला हवं होतं. मोबाइलवर तीन दिवस वाद झाला. शेवटी अखिलच्या आजोबांच्या गादीवर समोरासमोर बसून निकाल लावायचा ठरलं.

चंपालाल धान्याचे जुने व्यापारी. दुकान आता मुलगा बघत असे, पण रविवारी बाजार बंद असला तरी आजोबा गादीवर येऊन पेपर वाचत. पांढऱ्या चादरीची ती बैठक, म्हणून चपला बाहेर पायरीवर. नूतनने आपली तपकिरी चप्पल काढून भूमिकाच्या बुटांशेजारी ठेवली आणि आत गेली.

तेजस आधीच तक्क्याला टेकून चहा पीत होता. धुळ्यात त्याचं मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान. एरवी तो साधं मराठी बोलायचा. अंगात आलं की अहिराणीवर उतरायचा.

“या मॅडम. एकसष्ट जणांना विचारून आलात ना?”

“नऊ जण घरचेच आहेत. बावन्नच विचारायचे होते,” नूतन म्हणाली.

“मी म्हणतच नाही बोदवड वाईट होतं. भरीत एक नंबर शे. गाना बी व्हतात म्हने.”

भूमिका हसली. तिचं एरंडोलला औषधांचं दुकान होतं आणि ती बोलायची थोडं. “भरीत मीही दोनदा घेतलं. पण ते कार्यक्रमात धरायचं का?”

“नाही धरायचं,” अखिल म्हणाला. “धरलं तर जळगाववर अन्याय आहे. आम्ही त्यांना वडापाव दिला.”

बोदवडला नूतनच्या आईने, सुगंधाबाईंनी, बँडला कार्यक्रमाआधी शेतातल्या वांग्यांचं भरीत खाऊ घातलं होतं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, वर कच्च्या तेलाची धार, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. “खाय रे बापा, वाजवायले ताकद लागते,” असं म्हणत त्यांनी प्रेमराजला चौथी भाकरी वाढली आणि त्याने ती खाल्ली. कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. तेही वहीत होतं.

मग अर्धा तास प्रत्येकाने आपापलं गाव मांडलं. अखिलने जळगावच्या आवाजाची बाजू घेतली. एकही शब्द ऐकायचा राहिला नाही, शेवटच्या रांगेत बास छातीत बसत होता. भूमिका म्हणाली, एरंडोलला स्वप्नीलने नवीन गाणं पहिल्यांदा म्हटलं, ते बाकी तिन्हीकडे शिळं होतं. नूतनने बोदवडच्या वरातीची गोष्ट सांगितली. हॉलच्या खिडकीखालून वरात चालली होती, डीजेच्या दणदणाटात गाणं ऐकू येईना, तेव्हा प्रेमराजने हात थांबवला, दोन ठोके ऐकले आणि डीजेचाच ठेका उचलला. बाहेरचं आणि आतलं एक झालं. वरात खिडकीपाशी चार मिनिटं थांबली. नवरदेव घोड्यावरून आत बघत मान हलवत होता.

“तो नवरदेव एकसष्टात धरला का?” तेजसने विचारलं.

“नाही. तो बाहेर होता.”

“मग बासष्ट म्हण. घोडा धरला तर त्रेसष्ट.”

तेजसची पाळी आली तेव्हा त्याने कप खाली ठेवला. “धुळाले जे व्हयनं ना, ते कोठेच व्हयनं नही,” तो म्हणाला आणि पुढे त्याला सांगावं लागलंच नाही, कारण ते सगळ्यांना आठवत होतं. ‘थ्री फेज’ हे शेतातल्या विजेवरचं गाणं सुरू असताना, सात चाळीसला, मैदानावरची वीजच गेली. गिटार गप्प, माइक गप्प. प्रेमराज एकटा वाजवत राहिला आणि अडीच हजार माणसांनी टाळ्यांवर गाणं उचललं. अकरा मिनिटं. वीज आली तरी स्वप्नीलने माइक हातात घेतला नाही.

नूतनच्या वहीत त्या अकरा मिनिटांची नोंद नव्हती. फक्त ७.४० आणि ७.५१ या दोन वेळा होत्या. मध्ये ती लिहायची थांबली होती. एवढंच नाही, तिची एक चप्पल कुठे गेली हे तिला एसटीत बसल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस त्या मैदानावर गेला, चप्पल शोधली आणि आठ दिवसांनी जळगावच्या कार्यक्रमाला प्लास्टिकच्या पिशवीतून घेऊन आला. “सिंड्रेला मॅडम,” एवढंच म्हणाला.

चंपालालांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. “असं बोलून काही व्हायचं नाही. समोरासमोर कोणी खरं बोलत नाही, आपल्या गावापुढे तर नाहीच. आमच्या काळात भाव असा ठरायचा.” त्यांनी खांद्यावरचा रुमाल मांडीवर पसरला. “रुमालाखाली हात द्यायचा. दलालाची बोटं दाबायची. पूर्ण पंजा दाबला की पाच, मग वरची बोटं मोजायची. ज्याचा त्याचा भाव दलालापाशी राहतो. बाहेर बोलायचं नाही, नंतरही नाही.”

नियम त्यांनीच घातले. आपल्या गावाला गुण द्यायचे नाहीत. बाकी तीन गावांना दहापैकी. म्हणजे प्रत्येक गावाला तिघांचे गुण, जास्तीत जास्त तीस. ज्याचे सगळ्यांत कमी, ते गाव बाद.

“नाना, तुमच्या लक्षात राहील?” भूमिकाने विचारलं.

“चाळीस वर्षं राहिलं,” ते म्हणाले.

पहिलं गाव धुळे. अखिलने हात घातला, काढला. भूमिकाने घातला, काढला. दोघांचे चेहरे पाटीसारखे कोरे. मग नूतन पुढे सरकली.

रुमालाखाली म्हाताऱ्याचा हात कोरडा आणि गरम होता. तिला नऊ द्यायचे होते. नियम ऐकल्यापासून नऊच ठरले होते. पण रुमालाखाली हात गेल्यावर तिच्या डोक्यात वेगळंच गणित सुरू झालं. धुळ्याला सगळे भरभरून देणार. तिने थोडे कमी दिले तर धुळ्याचं काही बिघडत नाही, आणि बोदवडला मात्र एखाद्या गुणाचा आधार होईल. पुढच्या वर्षी पुन्हा पोस्टर लावता येतील, तारीख नीट बघता येईल, गावाला दाखवता येईल. तिने चार बोटं दाबली.

चंपालालांची पापणीही हलली नाही. “पुढचं,” ते म्हणाले.

जळगाव झालं, एरंडोल झालं. तिथे तिने खरे आठ-आठ दिले. बोदवडच्या वेळी तिला बाजूला बसावं लागलं. तेजसने हात घातला तेव्हा ती त्याच्या खांद्याकडे बघत राहिली, पण खांद्यावरून बोटं मोजता येत नाहीत.

चंपालालांनी रुमाल झटकून पुन्हा खांद्यावर टाकला. “एरंडोल पंचवीस. जळगाव चोवीस. बोदवड बावीस.” ते थांबले. “धुळे एकवीस.”

मग भूमिकाच्या तोंडून निघालं, “असं कसं? मी तर—”

“बाई,” चंपालाल म्हणाले, “रुमालाखालचं बाहेर नाही.”

अखिल तोंड उघडता उघडता थांबला आणि त्याने छताकडे बघितलं. नियम पक्का होता. त्या नियमाच्या आड नूतन सुरक्षित होती. तिला कोणी विचारणार नव्हतं, आज नाही आणि कधीच नाही. बोदवड एका गुणाने वाचलं होतं.

तेजसने मोबाइल काढला. ती त्याच्या टोमण्याची वाट बघत होती; तो आला असता तर बरं झालं असतं.

“ठीक शे,” तो म्हणाला. “मी कळवतो त्यांना. आणि लिहितो की बोदवडला जालच तर भरीत खाऊन जा. त्या वरातीच्या ठेक्यासारखं मी आजवर काही ऐकलं नाही. आता सांगायला हरकत नाही.”

नूतनला बसल्या जागेवरून दरवाजा दिसत होता आणि दरवाजाबाहेरची पायरी. पायरीवर तिची चप्पल होती. दोन्ही पायांची.

“थांब,” ती म्हणाली. “पाठवू नकोस. धुळ्याला मी चार दिलेत.”

“बाहेर बोलायचं नाही,” चंपालाल म्हणाले, पण आवाज मघासारखा नव्हता.

“माझेच आहेत, मीच बोलते. चार दिले. द्यायचे नऊ होते. बोदवड वाचावं म्हणून दिले.”

अखिलने हिशेब केला, तोंडातल्या तोंडात, आणि सगळ्यांना ऐकू गेला. “म्हणजे धुळे सव्वीस. आणि बोदवड...”

“बोदवड शेवटचं,” नूतन म्हणाली. “बावीस. मला येतं गणित.”

तेजस तिच्याकडे बघत होता. “चार?” तो म्हणाला. “चप्पल आणून दिली तरी चार? नसती आणली तर काय, दोन?”

“चपलेचा एक धरूनच चार होते.”

भूमिकाने तोंडावर हात धरला. तेजस हसू दाबत होता, पण फार वेळ जमलं नाही.

“दादाजी, दिलेली बोली बदलता येते का?” अखिलने विचारलं.

चंपालालांनी विचार केला. “फायद्यासाठी बदलणारे पुष्कळ पाहिले. त्यांना मी गादीवरून उठवायचो. स्वतःचं नुकसान करून बदलणारी ही पहिलीच. तिच्यासाठी नियमच नाही, म्हणजे बदलता येते.” मग चष्मा पुसत ते म्हणाले, “खोट्या बोलीचा दंड मात्र आहे. बसलेल्या सगळ्यांना जेवण. तो माफ होत नाही.”

“मान्य,” नूतन म्हणाली.

तेजसने मोबाइल तिच्याकडे सरकवला. तिने निरोप स्वतः लिहिला, नेहमीसारखा, नोंदीच्या भाषेत : ‘धुळे २६, एरंडोल २५, जळगाव २४, बोदवड २२. बोदवड गाळावं.’ एकदा वाचला आणि बँडच्या ग्रुपवर पाठवला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडीत बसल्यापासून मानेत धरलेला ताण सुटला.

तिने आईला फोन लावला. सुगंधाबाईंनी कशाचा दंड ते विचारलंच नाही. किती माणसं आणि वांगी किती, एवढंच विचारलं. पुढच्या महिन्यातला तिसरा रविवार ठरला.

तोवर तेजसने मोबाइल परत ओढून निरोपाखाली आणखी एक ओळ घातली होती : ‘तिसऱ्या रविवारी बोदवडला दंडाचं भरीत शे. कार्यक्रम नाही. नुसतं जेवायला येत असाल तर या.’

दोन निळ्या खुणा उमटल्या. अखिलने आणखी चहा सांगितला. तो आला, तेव्हा प्रेमराजचं उत्तरही आलं.

‘काड्यांवरचं का गॅसवरचं?’

‘काड्यांवरचं,’ नूतनने लिहिलं.

‘मग येतो. ड्रम गाडीतच असतो, तो काही काढून ठेवत नाही.’

त्याखाली स्वप्नीलचा एक उचललेला अंगठा.

भूमिकाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. नूतन मात्र उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली होती. एकदा पोळलेलं माणूस होतं ते. पुढच्या महिन्याचं पान उलटून तिने तिसऱ्या रविवारवर बोट ठेवलं आणि बारीक अक्षरं वाचली.

“नाना,” ती म्हणाली, “त्या दिवशी लग्नतिथी आहे. दाट दिसतेय. चौथा रविवार मोकळा आहे. बदलू का?”

चंपालाल काही म्हणायच्या आत तेजस तक्क्यावरून सरळ झाला.

“बदलू नको,” तो म्हणाला. “तीच धर. ठेक्याले वरात लागी ना आपले.”