साक्षीदाराची जागा

माझ्या पश्चात काय व्हायचं ते माझ्या दोन्ही मुलांनी फोनवर परस्पर ठरवून टाकलं होतं. मला ते कळलं तेव्हा मी दुकानात एका जुन्या लग्नाच्या फोटोची काच पुसत होते. लेक पलीकडच्या टेबलावर फ्रेमच्या पट्ट्यांचे कोपरे कापत होती. मान वरही न करता ती म्हणाली, "आई, मृत्युपत्राचं एवढं काय डोक्याला लावून घेतेस? आमचं ठरलंय. बाबांचं घर त्याला, तुझं मला."

"आमचं म्हणजे कुणाचं?"

"आम्हा भावंडांचं. ना भांडण, ना तंटा. तुला तर बरं वाटायला हवं."

मला मुळीच बरं वाटलं नाही.

आमचा घटस्फोट झाला तेव्हा हे दुकान नवं होतं. समोर सायकली दुरुस्त व्हायच्या, कोपऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ शाईची पेनं विकायचे. लोक तेव्हा फोटो क्वचित काढायचे, पण काढला की काचेत बसवायचेच. दिवसभर सरसाचा वास आणि बोटांना काचेचे ओरखडे. मुलांचा ताबा ठरायचा होता त्या दिवशी मात्र मी दुकान बंद ठेवून कोर्टात गेले होते. न्यायाधीशांनी मुलांना एकेकटं आत बोलावलं आणि कुणाकडे राहणार म्हणून विचारलं. लेक म्हणाली, आईकडे. धाकटा म्हणाला, बाबांकडे. भांडीकुंडी वाटली, कपाटं वाटली, तशी मुलंही वाटली गेली. मग धाकटा सुट्टीला यायचा, उरलेल्या पट्ट्यांच्या तलवारी करायचा आणि संध्याकाळी बूट घालून परत जायचा. मोठा झाला तसं येणं विरळ झालं.

तीच वाटणी आता मी मेल्यावरही चालवायचा ह्यांचा बेत होता.

मी वकीलबाईंना बोलावलं आणि सांगितलं, "दुकान लेकीला. वरचं घर दोघांना, निम्मं निम्मं."

लेकीने ते ऐकलं आणि हातातली करवत टेबलावर आपटली.

"गुडघ्याच्या ऑपरेशनला कोण होतं?"

"तू."

"नंतर तुझी चिडचिड कोण ऐकत होतं?"

"तूच."

"आणि तो?"

"तो फोन करायचा."

"वा! फोनला अर्धं घर!"

"फोनला नाही. माझ्या मुलाला."

"म्हणजे मी केलेलं मोजायचंच नाही?"

"मोजायला बसले तर तुला नर्सचा पगार लावावा लागेल. चालेल तुला?"

तिने करवत पुन्हा उचलली, पण त्या दुपारी तिने कापलेला एकही कोपरा धड जुळला नाही. तिचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही आपटाआपट केली असती. तरी मी एक अक्षर बदललं नाही.

सह्यांच्या दिवशी धाकट्यालाही बोलावून घेतलं. शटर अर्धं खाली होतं, त्याखालून तो वाकून आत आला. कानशिलं पांढरी झाली आहेत त्याची. वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला, तो त्याने शेवटपर्यंत शांतपणे ऐकला. मला वाटलं होतं, वाद घालेल. त्याने फक्त विचारलं, "साक्षीदार कोण आहेत?"

"दोन लागतात," वकीलबाई म्हणाल्या. शेजारचे शिंपी स्टुलावर बसलेच होते. "हे एक. दुसरे घड्याळवाले, येतीलच इतक्यात."

"त्यांच्यासाठी कशाला खोळंबायचं? मी करतो सही."

त्याने पेन काढून टोपणही उघडलं. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, झाला तर त्याचा वाटा जातो, हे त्यांनी मला आधीच बजावलं होतं. आणि धाकटा बँकेत दिवसभर लोकांची कागदपत्रंच तपासतो. त्याला हे ठाऊक नसणं शक्यच नव्हतं.

"पेन बंद कर, धाकट्या."

"एक सहीच तर आहे, आई."

"ती झाली की तुझा वाटा गेला. मी म्हातारी झालेय, बावळट नाही."

लेक वळून त्याच्याकडे बघतच राहिली. "तू मुद्दाम करत होतास?"

"तुझ्यासाठी नाही, ताई." तो टेबलावरच्या काचेकडे बघत बोलला. "मला ते घर नकोय. तेव्हा मला विचारलं, तर मी आईचं नाव घेतलं नाही. आता कोणत्या तोंडाने घेऊ?"

इतकी वर्षं हा मुलगा हे पोटात घेऊन फिरत होता! मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप.

"तुला कुणाकडे राहणार ते विचारलं होतं. कुणाचा मुलगा आहेस ते नव्हतं विचारलं. आणि विचारलं असतं, तरी ते ठरवायचा अधिकार ना तुला होता, ना न्यायाधीशांना, ना तुझ्या बापाला!"

"बाबांना कळलं तर..."

"कळू दे की. त्यांचे रुसवे काढायचं काम मी केव्हाच सोडलंय."

शिंपी खोकले. तेवढ्यात घड्याळवाले वाकून आत शिरले आणि सगळ्यांची तोंडं पाहून म्हणाले, "उशीर झाला वाटतं?"

"छे, अगदी वेळेवर आलात. बसा."

मी टेबलावरचा काचेचा चुरा फडक्याने झटकला आणि सही केली. लग्नाच्या कागदावर माझ्या वडिलांची सही लागली होती, घटस्फोटाच्या कागदावर नवऱ्याची, दुकानाच्या कर्जाला भावाची. ह्या कागदाला माझ्या घरातल्या कुणाचीही परवानगी लागत नव्हती. शिंप्यांनी आणि घड्याळवाल्यांनी मी काय लिहिलंय ते विचारलंसुद्धा नाही, खाली आपापली नावं घातली आणि कामाला निघून गेले.

"मला अजून पटलेलं नाही," लेक म्हणाली.

"नको पटू दे."

"मी माझा वाटा ताईला देऊन टाकीन," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. माझ्यासमोर त्याने आवाज चढवलेला मला आठवत नाही; पाहुणा आल्यासारखाच वागायचा. "तू काही करू शकणार नाहीस."

"दे ना. तिला दे, विकून टाक, नाहीतर भाड्याने दे. मी काय बघायला येणार आहे? पण तो कागद करताना आधी तुला स्वतःच्या हाताने लिहावं लागेल, की हे मला माझ्या आईकडून मिळालं. तेवढं लिही. मग खुशाल काय हवं ते कर."