अंगठी आणि रेड्याचा ताप

पान लाओयी ठणठणीत बरा झाला होता, पण ते त्याला काही केल्या सिद्ध करता येत नव्हतं.

भातखाचरात मासे धरताना तो गारठला, तापानं फणफणला, आणि मग ताप उतरलाही. भूक पूर्वीसारखी लागत होती, आवाज खणखणीत होता, पाय तर अंथरुणातल्या अंथरुणात चालत होते. पण त्याच्या बायकोचा, बांगचा, नवऱ्याच्या तोंडापेक्षा आपल्या आईच्या चांदीच्या अंगठीवर जास्त विश्वास. रोज सकाळी ती अंडं उकडून सोलायची, अंड्याच्या पोटात अंगठी खुपसायची, फडक्यात गुंडाळून ते गरमगरम नवऱ्याच्या कपाळावरून, छातीवरून, पोटावरून फिरवायची. मग फडकं सोडून बघायची. अंगठी काळीठिक्कर.

"ताप आहे अजून अंगात," असं म्हणून ती पांघरूण त्याच्या हनुवटीपर्यंत ओढायची.

आणि परवावर तर नदीकाठचा मेळा आलेला. लाओयीचा लुशंग, म्हणजे बांबूच्या नळ्यांचा तो लांबलचक पावा, वाजल्याशिवाय तिथे फेर सुरूच होत नाही, असं आसपासची सगळी गावं म्हणत. निदान लाओयी तरी म्हणे. एकदा त्याच्या सुरावर समोरच्या डोंगरावरून एक म्हैस नाचत खाली आली होती. म्हैस खाली आली हे खरं. नाचत की घसरत, याबद्दल गावात दोन मतं आहेत. पण मेळा वर्षातून एकदाच, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणण्याचं त्याचं वय राहिलं नव्हतं.

विचार करता करता त्याला वाटलं, दोष आपल्या अंगात नाही, अंगठीत आहे. सासूच्या काळापासूनचे ताप तिच्या नक्षीत दडून बसलेत. बांग आपली राखेनं वरवर घासते, ते हलतात थोडेच.

बांग डुकरांसाठी पाला कापायला गेली तसा तो उठला. आधी पेंढ्याची राख घेऊन अंगठ्यानं चोळली. मग रिठे उकळून त्या फेसात अंगठी बुडवली आणि दात घासायच्या ब्रशनं घासली. नक्षीतल्या दोन माशांच्या खवल्यांमधून पाइनचं टोकदार पान फिरवत त्यानं कण न् कण काढला. शेवटी आंबवलेल्या पेजेत धुऊन कोरडी केली. त्या माशांना डोळे आहेत हे त्याला इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळलं. अंगठी उन्हात धरली, तर शेजारचा कोंबडा भरदुपारी आरवला आणि समोरच्या घरातल्या म्हातारीनं वीज चमकली समजून वाळत घातलेल्या मिरच्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठी पुन्हा काळी.

आता मात्र लाओयी मनातून टरकला. जीभ आरशात बघितली, स्वतःची नाडी धरून बसला. मग एकदम काहीतरी सुचून तो एक उकडलेलं अंडं, फडकं आणि अंगठी घेऊन घराखालच्या गोठ्यात उतरला. तिथला रेडा नुकताच दोन गावांच्या रेड्यांना पळवून लावून आला होता. त्याच्याइतकं निरोगी घरात कुणी नव्हतं. लाओयीनं शिंगांमधून पोटापर्यंत अंडं फिरवलं. रेड्यानं सुखानं डोळे मिटले. फडकं सोडलं. काळीठिक्कर.

म्हणजे एक तर रेड्याला ताप होता, नाहीतर अंड्याला.

लाओयी गोठ्यातच इतका हसला की रेडा बावरून मागे सरला. वर येऊन त्यानं अंगठी पुन्हा लखलखीत केली आणि दारंखिडक्यांना लावतात ते तुंगतेल कोंबडीच्या पिसानं तिच्यावर अगदी पातळ फिरवून चुलीच्या उबेला वाळवलं. आता अंड्याला काय करायचं ते करू दे.

मेळ्याच्या दिवशी सकाळी बांगनं फडकं सोडलं. अंगठी पांढरीशुभ्र. तिनं ती उलटीपालटी केली आणि नाकाशी नेली.

"ताप गेला तुझा," ती शेवटी म्हणाली. "पण म्हाताऱ्या, घामाला तुंगतेलाचा वास यायला लागलाय."

लाओयीनं पांघरुणात तोंड लपवलं. मग आतूनच त्यानं रेड्याची हकिगत सांगून टाकली. बांगला नवल वाटेना.

"तू रेड्यावर फिरवलंस. मी लग्नाच्या वर्षीच दाराच्या खांबावर फिरवून बघितलं होतं."

"मग मला कशाला झोपवून ठेवलंस गं?"

ती फडक्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "दरवर्षी तू पावा घेऊन जातोस, आणि मी पाला कापता कापता टेकडीपलीकडून तो ऐकते. म्हटलं, या वर्षी दोघंही घरी बसू."

लाओयी पांघरूण फेकून उठला. इतक्या वर्षांत आपण हिला एकदाही चल म्हटलेलं नाही, हे त्याला आत्ता कळत होतं, माशांच्या डोळ्यांसारखंच. "चल ना मग," तो म्हणाला.

डुकरांचं काय, असं तिनं विचारलं खरं, पण विचारता विचारता अंगठी बोटात घातली. इतकी घासलीस तर घरात कशाला ठेवू, म्हणाली, आणि ठेवणीतला चुण्यांचा घागरा काढायला आत गेली.

त्या दिवशी लाओयीनं असा पावा फुंकला की नदी घटकाभर वाहायची थांबली. बांग फेराच्या अगदी मधोमध होती, आणि तिचा हात वर गेला की पोरी डोळ्यांवर पंजा धरत.

तेलाचा थर मात्र पक्का बसला. पुढे कुणाच्याही अंगावरून अंगठी फिरवा, पांढरीच निघे. त्यामुळे त्या हिवाळ्यात खत वाहायच्या दिवसांत गावात एकही माणूस आजारी पडू शकला नाही.