शिंप्याने बसवलेलं इंजिन

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा आवाज मोठा आहे. कानाला लागला तर खुशाल जरा लांब सरकून बसा.

माझा जन्म कारखान्यातला. मला ओतलं, तासलं, घासलं, भोकं पाडली, आणि पहिल्याच किकला मी असा काही गरजलो की तपासणारा माणूस दचकून मागे सरला. तेव्हापासून मी स्वतःला कुणीतरी मोठा समजायला लागलो. पुढे एका टपालवाल्याच्या मोटारसायकलवर बरीच वर्षं काढली. चढ असो की चिखल, कधी कुरकुर केली नाही. "काय इंजिन आहे हो!" असं लोक म्हणायचे आणि मी आणखीच फुगायचो. मग एक दिवस गाडी खांबावर आदळली. टपालवाला कपडे झटकत उठला, मला ओरखडाही आला नाही, पण गाडीचा सांगाडा पार वाकला. आता वाकड्या गाडीतल्या सरळ इंजिनाला कोण विचारतो? भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडलो. पलीकडे रोज कुणावर तरी घण पडायचा आणि इकडे मी आपली पाळी कधी येते ते मोजत बसायचो.

तिथं मला पाववालीनं पाहिलं. घरामागच्या भट्टीत पाव भाजून ती मोटारसायकलवरून पोचवायची. तिच्या गाडीचं इंजिन कायमचं बसलं होतं, म्हणून बिचारी सायकलवरून क्रेट ओढत होती आणि इस्पितळाच्या कँटीनला रोज उशीर होत होता. कँटीनवाल्यानं तिला स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी पाव वेळेवर आला तर ठीक. नाहीतर मी दुसरं कुणीतरी बघतो." आणि ते गिऱ्हाईक गेलं तर भट्टी बंदच करावी लागणार होती.

तिनं मला उलटंसुलटं करून पाहिलं, हातानं फिरवलं, कान लावला. "हेच न्यायचं," ती म्हणाली.

"चालेल की नाही, मला विचारू नका," भंगारवाला म्हणाला. "नाही चाललं तर परत आणा. फोडून टाकू."

तो 'फोडून' शब्द ऐकून माझं उरलंसुरलं तेलसुद्धा गोठलं हो!

पाववालीचा नवरा शिंपी. घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान. रविवारी सकाळी मोटारसायकल त्या खोलीत आली, जुनं इंजिन उतरलं आणि मला थेट कापड बेतायच्या टेबलावर ठेवलं.

"अरे, घरात आणलंत ते आणलंत, निदान पुसून तरी आणायचं!" पाववालीच्या सासूबाई दारातूनच ओरडल्या.

शिंपी मोटारसायकलला भारी भ्यायचा, पण त्याचं काम पाहून मी गार झालो. प्रत्येक बोल्ट बटणांच्या डबीत, डबीवर खडूची खूण. कोटाच्या बटणांत मोठे बोल्ट, शर्टाच्या बटणांत बारके. मला गाडीत बसवताना एक भोक जुळेना, तेव्हा त्यानं चक्क कापड मोजायचा लाकडी गज खाली घालून मला उचलून धरलं.

"मोजायचा गज आहे तो, पहार नव्हे!" सासूबाई म्हणाल्या. पण तेवढ्यात बोल्ट सुर्रकन आत गेला.

एक गोष्ट मात्र घडली. हवा-पेट्रोल आत घ्यायचं माझं तोंड उघडंच होतं आणि खोलीभर धागे नि खडूची धूळ. आत काही जायला नको म्हणून शिंप्यानं शिवायला घेतलेल्या कोटाचं एक खांद्याचं पॅड उचललं, दुमडलं आणि अंगठ्यानं माझ्या तोंडात पार आत सारलं. काळजीपोटीच केलं हो त्यानं! पण तेवढ्यात कोटाचं गिऱ्हाईक दारात आलं, "संध्याकाळी मिळेल ना?" विचारायला. शिंपी तिकडे गेला आणि इकडे पाववालीनं पलीकडून हात घालून, चाचपतच, माझ्या तोंडाला कार्बोरेटर जोडून टाकला.

मग किक. पुन्हा किक. मी गप्प!

ठिणगी बघितली, पडत होती. पेट्रोल बघितलं, येत होतं. पाववालीचा पाय भरून आला. मी आतल्या आत बोंबलत होतो, "अगं बाई, माझ्या तोंडात बोळा आहे!" पण श्वास मिळाल्याशिवाय मला आवाज कुठला? एवढा मोठा गळा असून जन्मात असा मुका झालो नव्हतो.

शेवटी ती खाली बसली. "माझीच निवड चुकली," हळूच म्हणाली. "उद्या परत देऊन टाकू."

शिंप्याचा भंगारातल्या मालाला पहिल्यापासून विरोध होता. पण तो ते बोलला नाही. "पाणी पी आधी," एवढंच म्हणाला आणि कोट पुरा करायला मशीनवर बसला. तिनं पाना उचलला आणि माझा पहिला बोल्ट सोडला. मग दुसरा. मला तर तो घण डोळ्यांपुढे दिसायला लागला.

"अगं, इथलं पॅड पाहिलंस का?" शिंप्यानं विचारलं.

"इथे माझी भट्टी विझायची वेळ आलीय आणि तुम्हाला पॅड सुचतंय?"

"मग काय एका खांद्याचा कोट द्यायचा गिऱ्हाइकाला?" सासूबाईंनी लेकाची बाजू घेतली.

शिंपी टेबलाखाली वाकला, चिंध्या उपसल्या, आणि एकदम ताठ उभा राहिला. चेहरा पांढराफटक. "थांब! बोल्ट काढू नकोस. अगं, ते पॅड मी... ह्याच्या तोंडात..."

पाववाली त्याच्याकडे वळली. वाटलं, आता पाना फेकून मारते. पण ती हसायला लागली, इतकी की तिला कार्बोरेटर धड काढता येईना. शिंप्यानं कात्रीच्या टोकानं पॅड ओढून काढलं. दोन्ही बोल्ट पुन्हा आवळले, कार्बोरेटर बसवला आणि तिनं किक मारली.

काय गरजलो म्हणून सांगू! डब्यांतली बटणं नाचली, टेप भिंतीवरून खाली पडली.

"बंद करा ते!" सासूबाईंनी कान झाकले. मग सुनेचा चेहरा बघून म्हणाल्या, "नको नको, चालू दे, चालू दे."

सोमवारी पहाटे मी निघालो. मागे क्रेट कवटाळून, डोळे गच्च मिटून शिंपी. कँटीनवाला फाटकातच घड्याळाकडे बघत उभा होता. त्यानं क्रेट मोजून घेतले. आत जाता जाता वळून म्हणाला, "उद्यापासून एक क्रेट जास्त आणा."

मित्रांनो, एक ना एक दिवस मी झिजणारच. तेव्हा खुशाल मला फोडा, माझी तक्रार नाही. पण झिजणं वेगळं आणि अडणं वेगळं. घरातलं काही अडलं, तर 'गेलं' म्हणून बाहेर काढण्याआधी एकदा उघडून बघा. त्या रविवारी आणखी दोन बोल्ट निघाले असते, तर हे सांगायला मी नसतो आणि पाववालीची भट्टी आज थंड असती.